आठ नंबरच्या चपला

"परत वाच," आई म्हणाली. "जळकोटच्या पोराचं."

इरानं मोबाईल पुन्हा हातात घेतला. बाबा गेल्यापासून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन मंचावर राघवेंद्र सरांच्या आठवणींचा नुसता पूर आला होता. जळकोटच्या मल्लिकार्जुननं लिहिलं होतं की, तो भर उन्हात अनवाणी शाळेत यायचा. एके दिवशी सरांनी आपल्या पायातल्या चपला काढून त्याच्या पायात घातल्या आणि स्वतः तापल्या रस्त्यानं अनवाणी चालत घरी गेले. 'ते केवळ शिक्षक नव्हते, ते चालतीबोलती सावली होते.'

"चालत म्हणजे शाळेपासून चाकूरच्या स्टँडपर्यंत असेल," आई म्हणाली. "तिथून लातूरला एसटीनंच यायचे. पोराला काय माहीत."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. इतके दिवस दोन घासांवर उठणाऱ्या आईनं आज भाकरी मागून घेतली होती. वर आमटीसुद्धा.

"तुला आठवतं का गं? अनवाणी आले होते त्या दिवशी. म्हणे एसटीत राहिल्या चपला. मी काय काय बोलले त्यांना. वेंधळे म्हणाले. आणि हा माणूस गुमान ऐकत बसला, एका शब्दानं बोलला नाही."

इराला आठवत होतं. तिच्याइतकं तर कुणालाच आठवत नव्हतं. त्या दिवशी सिद्धेश्वराच्या जत्रेत तिचा आणि बाबांचा आकाशपाळणा ऐन वर जाऊन थांबला, बाबांची एक चप्पल पायातून सुटली आणि गरगरत खाली भज्यांच्या गाड्यामागं दिसेनाशी झाली. बाबांनी क्षणभर खाली बघितलं, मग दुसरीही काढून सोडून दिली. "जाऊ दे तिलाही. एकटी काय करील बिचारी." दोघं इतके हसले, इतके हसले की पाळणा हलायला लागला. बीपीचा माणूस, पाळण्यात बसायचं नाही अशी आईची सक्त ताकीद. म्हणून उतरता उतरता ठरलं, आईला सांगायचं, चपला एसटीत राहिल्या.

उद्या तेरवी. तेरवीच्या गुरुजींना द्यायचं दानाचं सामान कोपऱ्यात मांडून ठेवलेलं होतं: छत्री, काठी, नव्या कोऱ्या चपला, बाबांच्या मापाच्या, आठ नंबर.

आई उठली आणि चपला तेवढ्या बाजूला काढल्या. "या गुरुजींना नाही द्यायच्या. छत्री, काठी नेऊ देत त्यांना. या त्या पोराला द्यायच्या, माझ्या हातानं. लाव त्याला फोन. उद्या जेवायलाच ये म्हण."

"आई, अगं..."

"लाव की. काय बघून राहिलीस?"

इरा गॅलरीत आली. आईला वाचून दाखवताना तिनं बरंच काही गाळलं होतं. मल्लिकार्जुनच्या खाली आणखी दोघांनी लिहिलं होतं, आणि त्या दोघांनाही सरांनी चपलाच दिल्या होत्या. एकानं तर 'आदरणीय (येथे सरांचे नाव लिहा) सर' असंच ठेवून दिलं होतं. त्यालाही चाळीस जणांनी हात जोडले होते.

तिनं फोन लावला. "मल्लिकार्जुनदादा, मी इरा. राघवेंद्र सरांची मुलगी."

"हाव, बोल की ताई. लई वाईट झालं बघ."

"दादा, ते चपलांचं. खरंच दिल्या होत्या का बाबांनी?"

पलीकडं त्यानं चालू असलेली कसली तरी मोटार बंद केली.

"न्हाई गं. मला कुठं येतंय एवढं लिहायला. मोबाईललाच म्हणलं, आमचे सर लई चांगले होते, त्यांच्यावर काहीतरी चांगलं लिहून दे. त्यानं दिलं. सगळेच तसं करून राहिलेत."

"मग बाबा कसे होते तुमच्याशी?"

"चांगलेच होते की. पण काय चांगलं होतं, ते असं धरून सांगता येत न्हाई बघ."

इरानं त्याला चपलांचं सांगितलं. जेवणाचंही. आईनं आज भाकरी खाल्ली, तेही सांगितलं.

"आरं देवा," मल्लिकार्जुन म्हणाला. "काकूंच्या हातून दानाच्या चपला घेऊ व्हय मी? पाप लागंल की. तूच सांगून टाक ना त्यांना खरं काय ते."

"कसं सांगू? तुम्हीच सांगा, काय सांगू मी तिला?"

"थांब. विचारून सांगतो."

"कुणाला?"

फोन बंद झाला होता. लगेच मेसेज आला, चांगला लांबलचक. 'प्रिय इरा, शोकाकुल आईला सत्य सांगणे ही एक नाजूक जबाबदारी आहे. त्यासाठी तुम्ही पुढील शब्द वापरू शकता...'

तिनं पुढचं वाचलं नाही. आकाशपाळणा तिच्या अगदी जिभेपर्यंत आला होता. आईला तो सांगायचा म्हणजे आधी तिच्या हातातल्या चपला काढून घ्यायच्या.

आई दारात आली. पदरानं चपला पुसत होती, नव्या होत्या तरी.

"येतोय ना गं?"

इरानं मोबाईल पालथा धरला.

"आणि पायाचा नंबर विचारलास का त्याला?" आई म्हणाली. "आता मोठा झाला असेल. लहान होत असतील तर आजच बदलून आणू."