कमानी तुमच्या

घटस्फोटानंतर गवंड्याची दोन्ही मुलं आईकडे राहायची आणि महिन्यातल्या एका रविवारी त्याच्याकडे यायची. त्या रविवारी त्याने ठोकळ्यांचा नवा डबा आणला होता. मुलं घरात येताच तो फरशीवर मांडी ठोकून बसला. “चला, आज पूल बांधू! पाया माझा, कमानी तुमच्या.” मुलाने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. “बाबा, हे आम्ही केव्हाच सोडलं.” “बरं, मग तुम्ही नुसतं बघा,” म्हणत तो एकटाच ठोकळे जोडू लागला. कमान ढासळली की स्वतःच हसायचा. मुलगी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग भावाला कोपराने ढोसून पुटपुटली, “चल ना रे, थोडं खेळू. बाबांना बरं वाटेल.” दोघं फरशीवर येऊन बसली. बापाने सगळं ऐकलं होतं. ठोकळे त्यांच्यापुढे सरकवत तो म्हणाला, “बघा, शेवटी राहवलं नाहीच ना!”