बिनसहीची चिठ्ठी

“हे खरे नाही,” शिक्षणमंत्र्यांनी कागदावरून वाचलं. “जुनी शाळा बंद केल्यानंतर नव्या शाळेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कोणत्याही विद्यार्थ्याचा अपघात झालेला नाही. सबब, तेथे पादचारी पूल बांधण्याचा प्रश्न उद्भवत नाही.”

आमदारबाई लगेच उठली नाही. ती वर बघत होती, अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे. पहिल्या रांगेत शिक्षण खात्याचा उपसंचालक बसला होता, मांडीवर फाईल, हातात पेन. उत्तर त्यानेच लिहून दिलं होतं. हेच वाक्य त्याने सहा वर्षांपूर्वी टेबलापलीकडे उभ्या असलेल्या एका आईला ऐकवलं होतं, फाईलमधून मान वर न करता. तिची दुसरीतली मुलगी अठरा नोव्हेंबरला त्या रस्त्यावर ट्रकखाली गेली, त्याला तेव्हा तीन आठवडे झाले होते.

ती आई आता आमदार होती. निवडणूक तिने दुसऱ्याच शहरातून लढवली होती आणि मुलीचा विषय एकाही सभेत काढला नव्हता. खाली बसलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. वरच्याला ठाऊक होतं.

“उपप्रश्न,” ती उठली. “अध्यक्ष महोदय, अपघात झाला नाही, की कुणी लिहून घेतला नाही?”

गॅलरीत पेन चाललं. शिपाई घडी घातलेली चिठ्ठी घेऊन खाली आला. मंत्र्यांनी ती उलगडून वाचली. “नोंदी विहित पद्धतीने घेतल्या जातात.” हातात येईल ते वाचायचं, ही त्यांची रीत. विरोधी बाकांवर त्यांना वाचनमंत्रीच म्हणत.

“पोलिसांकडे विचारलंत?”

चिठ्ठी. “पोलीस हा विषय या खात्याकडे नाही.”

“रुग्णालयात?”

चिठ्ठी. “तोही नाही.”

“रस्ता?”

“बांधकाम खात्याचा,” मंत्री चिठ्ठीची वाट न बघता म्हणाले आणि स्वतःवरच खूश झाले.

“मग मूल घरातून निघाल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत कुणाच्या खात्यात असतं? ‘वाटेत’ नावाचं एखादं खातं आहे का?”

बाकं वाजली. शेजारच्या वयस्कर आमदारांनी तिचा पदर हळूच ओढला. “पोरी, दगडावर डोकं कशाला आपटतेस? हा बाबा उत्तर देणार नाही.”

“मला उत्तर नकोच आहे, काका. वरच्याला लिहू दे.”

काकांनी वर पाहिलं. त्यांना काही उमगलं नाही. उपसंचालक रुमालाने मान पुसत होता. आता ती दोन प्रश्नांत श्वासाइतकीही जागा सोडत नव्हती. शिपायाची ये-जा धावत चालली होती. आधी चिठ्ठ्यांना घड्या असायच्या, मग घड्या गेल्या, मग अक्षर गेलं.

“शेवटचा उपप्रश्न,” ती सावकाश म्हणाली. “अशा एका मुलीचं नाव मी इथे सांगितलं, तर मंत्रिमहोदय काय म्हणतील?”

उपसंचालक गुडघ्यावरच खरडत होता. शिपायाने कागद जवळजवळ हिसकावून आणला. मंत्र्यांनी चष्मा सावरला आणि वाचलं, “नाव घेऊ देऊ नये. मुलगी यांचीच होती, दुसरीतली. प्रकरण आपण तेव्हाच दाबलं आहे. बाई सूड घेतायत, कशालाही हो म्हणू…”

मंत्री थांबले. कागद उलटा करून बघितला. मागची बाजू कोरी होती.



“हे… हे कामकाजातून काढून टाका,” अध्यक्ष म्हणाले.

“थांबा, महोदय. मंत्र्यांनी वाचलेला कागद सदस्याने मागितला तर पटलावर ठेवावा लागतो. मी मागते आहे.”

विधिमंडळाच्या सचिवांनी नियमांचं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं, होकारार्थी मान हलवली. मग चिठ्ठी हातात घेऊन पाहिली. “सही नाही, महोदय. सहीशिवाय घेता येणार नाही.”

“मग ज्याने लिहिली त्याची घ्या की,” मंत्री म्हणाले. कागदाशिवाय ते इतकं सरळ कधी बोलले नव्हते. “माझं अक्षर आहे का ते?”

अधिकाऱ्याला सभागृहाच्या आत पाऊल टाकता येत नाही. उपसंचालक जिना उतरून दाराशी येऊन उभा राहिला. सचिव चिठ्ठी घेऊन गेले. ती त्यांच्या मागोमाग गेली.

“बाई,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “माझी निवृत्ती तीन महिन्यांवर आली आहे.”

“तिची तिसरी इयत्ता सात महिन्यांवर होती.”

त्याने चिठ्ठी दाराच्या चौकटीवर धरली आणि सही केली. सहीखाली तारीख घालायची जन्माची सवय. पेन तिथे आपसूक गेलं आणि अडलं.

“आज तारीख किती?” त्याने सचिवांना विचारलं.

“अठरा नोव्हेंबर,” तिने सांगितलं.

मार्च चालू होता.

उपसंचालकाने अठरा लिहिलं, अकरा लिहिलं. मग त्याचा हात थांबला. त्याने मान वर केली नाही.

वर्ष तिने सांगितलं नव्हतं. त्याने विचारलंही नाही. सहा वर्षांपूर्वीचं लिहिलं.