गुडमारचं पान

गुडमारचं पान चावलं की श्रीरंगरावांच्या जिभेवरची गोडी गाढ झोपी जायची. मग साखर म्हणजे नुसती वाळू.

डॉक्टरांनी साखर बंद केली तेव्हा ते हटूनच बसले होते. "फिका चहा मी पिणार नाही, सांगून ठेवतो!" शेवटी बायकोने, कुमुदताईंनी, अंगणात हा वेल लावला आणि तोड काढली. आधी पान चावायचं, मग दोन चमचे साखरेचा चहा घ्यायचा. पाला साखरेला मारतो म्हटल्यावर भीती कसली?

दोन वर्षं हेच चाललं होतं. चहा फिकाच लागायचा, पण आत साखर आहे, या समाधानात ते तरंगत राहायचे. परवाच्या तपासणीत रक्तातली साखर उतरली होती, चरबीसुद्धा. "पाल्याची करामत!" म्हणून ते गल्लीभर सांगत सुटले.

आज पान तोडून ते पायरीवर बसले. धुक्यात समोरचा माड मुळाशिवाय उभा होता. त्याच्याकडे बघता बघता पान हातातच राहिलं आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

फिका. अगदी रोजच्यासारखा.

मघाशी स्वयंपाकघरातून चमच्याची किणकिण ऐकू आली होती. रोज यायची, साखर विरघळेपर्यंत. म्हणजे दोन वर्षं ती नुसताच चमचा फिरवत होती.

"साखर पुरे ना हो?" आतून रोजचा प्रश्न आला.

श्रीरंगरावांनी पान तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं.

"आज जरा जास्तच पडलीय गं."