एकसारखी भाजेपर्यंत

उत्तराने पितळी परातीत भाजलेल्या कॉफीच्या बिया पसरल्या, बोटाने चाळवल्या आणि म्हणाली, "मामंजी, अर्ध्या करपल्या, अर्ध्या कच्च्याच राहिल्या."

विद्याधररावांनी परातीकडे ओझरतं पाहिलं आणि नजर शेगडीवरच्या डब्याकडे वळवली. हुबळीच्या रेल्वे कारखान्यात तीस वर्षं फिटर होते ते. मालाला नावं ठेवणाऱ्या फिटरला त्यांनी कधी जवळ उभं केलं नव्हतं. दोष असायचा तो यंत्रातच.

यंत्र म्हणजे तुपाचा आडवा डबा, त्यातून आरपार छत्रीची दांडी, टोकाला मूठ. मूठ फिरवायची, खाली निखारे. हुबळीला त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई कढईतच बिया भाजत, आणि त्या वासाने अख्खी आळी जागी होई. गेल्या आषाढात त्या गेल्या. तेव्हापासून मुलुंडला मुलाच्या, नंदकिशोरच्या घरी विद्याधरराव भिंतीकडे तोंड करून बसू लागले. हत्यारांची पेटी खाटेखाली गेली. अर्धी पोळी खायचे, अर्धी पानात. मार्गशीर्षात एके दिवशी बोलले ते एवढंच, की मालवणचं बंद घर उघडून तिथे एकटाच पडून राहीन, पुढचं देव बघेल. त्यावर सून उत्तरा म्हणाली, की खुशाल जा, पण आधी सासूबाईंसारखी कॉफी भाजेल असं काहीतरी मला करून द्या.

"एकसारखी भाजली, की निघालो," ते म्हणाले होते.

मग पेटी खाटेखालून बाहेर आली. डब्याच्या पोटात त्यांनी पत्र्याच्या तीन तिरप्या पट्ट्या बसवल्या, बिया वरखाली व्हाव्यात म्हणून. तरी अर्ध्या कच्च्या. फोलपटं उडून जायला भोकं पाडली. शेगडीभोवती वाऱ्याला आडोसा केला. तरी तेच. मूठ तापून हात पोळे, म्हणून तिच्यावर जुन्या लाटण्याचा तुकडा चढवला. शिवणयंत्राचं मोडकं चाक जोडून डबा संथ केला. आता तो जात्यासारखा घरघरे, आणि त्या घरघरीवर विद्याधरराव नकळत काहीबाही गुणगुणत. पानात पोळी उरेनाशी झाली.

समोरच्या गॅलरीतून शेजारचे शरच्चंद्र रोज चिडवत, "काय फिटरसाहेब, गाडी सुटणार कधी?"

"सिग्नल सूनबाईंच्या हातात आहे."

पण सिग्नल काही पडेना. दर रविवारी तीच परात, तोच निकाल. विद्याधररावांना कधीकधी वाईट वाटे. ही पोर तोंडदेखलंसुद्धा बरं म्हणत नाही. म्हाताऱ्याचं काम हिला पटतच नाही बहुधा.

वैशाख निम्मा सरला. पावसाळ्यापायी कोकणच्या बोटी बंद व्हायला आठ दिवस उरले. त्यांनी नंदकिशोरला तिकीट आणायला सांगितलं. जायचं तर आताच, डबा जमो न जमो. एक शेवटची भाजणी करून बघायची, बस्स.

त्याच दिवशी उत्तराला ताप भरला आणि बियांची बरणी रिकामी. आजवर बिया तीच आणायची. विद्याधररावांनी पिशवी घेतली आणि बाजारातल्या कॉफीच्या दुकानी पहिल्यांदाच स्वतः गेले. नंदकिशोरच्या घरून आलोय, नेहमीच्या अर्धा शेर द्या, म्हणाले.

दुकानदाराने एका पोत्यातून पावशेर बिया काढल्या, दुसऱ्या पोत्यातून पावशेर, आणि दोन्ही एका कागदावर ओतून हाताने कालवल्या.

"हे काय करताय?"

"एक यंदाचा माल आहे, अजून ओलसर. दुसरा तीन वर्षांचा, खडखडीत सुकलेला," दुकानदार म्हणाला. "तुमच्या सूनबाईंनी असाच द्यायला सांगितलाय, मार्गशीर्षापासून. मी म्हटलं, ताई, हे दोन्ही मिळून जन्मात एकसारखे भाजायचे नाहीत. तर म्हणाल्या, म्हणूनच द्या."

विद्याधरराव कागदावरच्या बियांकडे पहिल्यांदाच नीट बघत राहिले.

"वेगळ्या करून देऊ का, आजोबा?"

"नको. तशाच बांधा," ते म्हणाले. "डब्याचं काम अजून पुष्कळ बाकी आहे."