पडद्यामागचा हुकूम

"मास्क नाकावर! हनुवटीला काय सर्दी झालीये?"

प्लास्टिकच्या पडद्यामागून मोठ्या सिस्टर कडाडल्या आणि झाडू मारणाऱ्या दादांनी मुकाट्याने मास्क वर ओढला.

खुब्याचं हाड मोडून काकू इथे आल्या, तेव्हापासून हेच चाललं होतं. साथीमुळे वॉर्डात जागोजागी जाड, धुरकट पडदे टांगलेले. त्यातल्या एकाच्या पलीकडून सिस्टर सगळ्यांना नाचवायच्या. खिडक्या उघडा! हात धुवा! पेशंटला बसतं करा! डॉक्टरसुद्धा आधी तिकडे जायचे, हळू आवाजात काहीबाही बोलायचे, मग काकूंकडे वळायचे.

आज डॉक्टरांनी काकूंना स्पष्टच सांगितलं, "ऑपरेशन झकास झालंय. दारापर्यंत चाललात तर उद्या घरी. नुसत्या पडून राहिलात तर छातीत कफ साठेल, वर या साथीची टांगती तलवार आहेच."

फिजिओ मुलीने दोन वॉकर आणले. एक भिंतीला टेकवला, एक काकूंपुढे ठेवला.

"नको गं बाई. पुन्हा पडले तर?"

"उठा, काकू!" पलीकडून हुकूम.

काकूंचं टाळकं सटकलं. "ओ सिस्टर, बसल्या जागेवरून बोलायला काय जातंय? येऊन हात तरी धरा!"

फिजिओ मुलगी उगाचच वॉकरचे स्क्रू तपासू लागली.

"तुम्ही दार गाठा," सिस्टर म्हणाल्या. "मग मी येते. शब्द देते."

"बघतेच!"

काकू तिरीमिरीत उभ्या राहिल्या. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग धडधाकट. घाम डोळ्यांत उतरत होता.

"पाय फरफटतोय, ऐकू येतंय मला! उचला!"

"उचलतेय हो, टोचून बोलू नका!"

आणि काकूंनी दाराला हात लावला! अख्ख्या वॉर्डाने टाळ्या पिटल्या. दादांनी समोर धरलेल्या फोनच्या व्हिडिओ कॉलवर काकूंची लेक रडत रडत ओरडली, "आई, चाललीस गं!"

काकू सावकाश, रुबाबात वळल्या. "काय सिस्टर? या आता!"

फिजिओ मुलगी भिंतीजवळचा वॉकर घेऊन पलीकडे धावली. पडदा सरकला. अंगात काकूंसारखाच पेशंटचा गाऊन, आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग धडधाकट. मोठ्या सिस्टर दाराकडे निघाल्या होत्या.

"सरका, काकू. दाराशी गर्दी नको."