झाडाखालची सायकल

"ही सायकल कसली? जोडांची माळ आहे नुसती," हलीम मिस्त्री म्हणाला.

चुरामन महतोनं तळहातावर खैनी मळली, थाप मारली आणि निम्मी हलीमपुढं धरली.

सायकलला पेडल नव्हतं, चेन नव्हती. कोळशाच्या सायकलीला ती लागतच नाहीत. दहा पोती लादायची आणि घाट उतरून रामगढच्या बाजारापर्यंत ढकलत न्यायची. सीटखालची नळी आज चौथ्यांदा तडकली होती.

"वेल्डिंग मार. दोन महिने निघतील."

"आणि घाटात तुटली तर? सोमराचं काय झालं विसरलास? दहाच्या दहा पोती अंगावर आली. त्याचा जोडही मीच मारला होता."

सोमराला जाऊन वर्ष झालं होतं. अजूनही वेल्डिंगची ठिणगी उडाली की हलीमला तोच जोड दिसायचा. हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मागं एक दणकट फ्रेम पडून आहे. ती घे, हिला मोडीत टाक."

"सासऱ्यानं लग्नात दिलीय, बैल विकून. मोडीत टाकली तर बिलासी मलाच मोडीत टाकील."

"टाकू दे. जिवंत तरी टाकील."

चुरामन हसला, पण सायकलवरचा हात काही काढेना. शेवटी हलीमनंच ती उचलली आणि छताच्या आकड्याला टांगली.

"आज ही घाटात जात नाही. संध्याकाळी बायकोला घेऊन ये. ती म्हणेल ते मला मान्य."

"आणि तोवर मी काय माशा मारू?"

"घरी जाऊन झोप."

"झोप म्हणे! डोझरनं मागच्या महिन्यात कोळशाच्या बिळाची दोन तोंडं बुजवली, आता एकाच तोंडातून सगळ्यांची गर्दी. मी आपला पार आतल्या जुन्या फाट्याला जातो. तिकडं कुणी फिरकत नाही. कोळसा फोडून तिथंच रचून ठेवतो, उद्या सायकल आली की काढीन."

गमछा खांद्यावर टाकून तो जंगलाच्या वाटेला लागला. हलीम त्याच्या पाठीकडं बघत राहिला. खूप दिवसांनी त्याला बरं वाटलं. एक माणूस तरी त्यानं घाटाच्या तोंडातून ओढून काढला होता.

दिवस कलताना बिलासी आली. हातात डबा तसाच भरलेला होता.

"मिस्त्रीदादा, आमचे हे इथं आहेत का? दुपारी मी पेज-भात घेऊन बिळाशी गेले, तर झाडाखाली यांचीच सायकल नाही. म्हटलं आज आत उतरलेच नाहीत, बसले असतील कुठं गप्पा छाटत. मग मी आले परत."

बिळाच्या तोंडाशी सालाचं झाड होतं. आत जाणारा आपली सायकल तिथं टेकवून जाई. आत गेलेल्याचं नाव घेऊन तोंडाशी हाक मारायची नाही, असा तिथला रिवाज होता. जी विचारपूस करायची ती सायकलीकडं बघून.

हलीमनं छताकडं बोट दाखवलं. "सायकल ही बघा. तो चालत गेलाय."

"सांगून जायला काय झालं होतं? उपाशी बसले असतील."

"येईलच आता. तुम्ही हे बघा, वहिनी." त्यानं सायकल खाली घेतली. नळीतली चीर दाखवली, मागं पडलेली दणकट फ्रेम दाखवली आणि सोमराचं सगळं सांगितलं, स्वतःच्या जोडासकट.

बिलासीनं चिरेत नख घालून पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"बाबा त्या बैलासाठी आठ दिवस जेवले नव्हते," ती म्हणाली. "जाऊ दे. टाका मोडीत. हँडल तेवढं नवीला लावा. हातात धरायला जुनं काहीतरी राहील."

हलीमनं पाना घेतला. हँडल निघालं तसं तिनं ते पदरानं पुसलं आणि मांडीवर घेऊन बसली.

तेवढ्यात कोळसा कंपनीचा चौकीदार रामवृक्ष आपली सायकल ढकलत आला. अंगभर धूळ होती.

"हवा भर रे, मिस्त्री. आज जीव गेला नुसता. डोझर होता ना वर. ते सालाच्या झाडाजवळचं तोंड बुजवलं. चांगलं दगड घालून, पक्कं."

हलीमनं पंप उचलला होता, तो तसाच हातात राहिला. "आणि आतली माणसं?"

"मी काय राक्षस आहे? अर्धा तास शिट्ट्या मारल्या. एकेक जण निघाला, आपापली सायकल घेऊन पळाला. मी आपला मोजत उभा. झाडाखाली एकही सायकल उरली नाही, तेव्हाच डोझरला हात दाखवला."