काचेतली आई

"दोन हजार सालातल्या त्या लेकीनं कळ दाबली, तशी भिंतीवरची काच उजळली. शंभर कोसांवर चुलीपाशी बसलेली आई काचेत दिसू लागली, बोलू लागली."

अर्जुनराव पाटलांनी मासिकातल्या गोष्टीचं शेवटचं पान मोठ्यानं वाचलं आणि अंक मांडीवर ठेवला. यंत्रांच्या, उद्याच्या जगाच्या असल्या गोष्टी त्या मुंबईच्या मासिकात येऊ लागल्यापासून निजामाच्या मुलखातल्या या गावी पाटलांची ओसरी ऐकणाऱ्यांना पुरत नव्हती.

दाराआड पाटलांची सून भिवरा उभी होती.

ऐकायला बसलेल्या आप्पारावांनी घसा खाकरला. त्यांची लेक गोदेपल्याड दिलेली, तीन वर्षांत भेट नव्हती. "लई खरं लिवलंय," ते म्हणाले. "कोन हाय ह्यो लिवनारा?"

"नाव न्हाई." अर्जुनरावांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "नुसतं एवढंच छापलंय: एक वाचक, मुक्काम तेलगाव, मोगलाई."

ओसरी हलली. तेलगाव? सगळ्यांच्या नजरा शहादेव मास्तरांकडं वळल्या.

"मी न्हाई," मास्तर म्हणाले. "मला असं सुचलं असतं तर गावभर सांगत फिरलो असतो."

"आपल्याच गावातला मानूस, आन् मला ठावं न्हाई?" अर्जुनराव म्हणाले.

भिवरानं पाऊल उचललं. शेजारी उभ्या सासूनं तिचा पदर धरला. "कुठं निघालीस? भाईर मानसं हायेत."

भिवरानं पदर हळूच सोडवून घेतला आणि उंबरा ओलांडला.

"मामंजी, ती गोष्ट मी लिवली. भावाच्या हाती धाडली होती."

अर्जुनरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग छापलेल्या पानाकडं. भिवरानं मान खाली घातली नाही.

"कसं सुचलं तुला ह्ये?"

"आईची सय यायची."

लोडाला टेकलेले पाटील उठले, बैठक रिकामी केली आणि अंक सुनेच्या हातात दिला.

"मग तूच वाच. तुझी ती सय माझ्या वाचन्यात येत न्हाई."

भिवरा बसली. आप्पाराव पुढं सरकले.

"पैल्यापासून वाच, पोरी," ते म्हणाले. "आन् सावकाश."